शब्द नाहीत, मग ऐकायचं काय?

प्रश्न : मुलगा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम सारखा लावतो. त्यात एक बाई नुसती आक्रोश करते आणि नेमकं तेव्हाच तो मला गप्प बसवतो. एवढं काय आहे त्यात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, गप्प बसा! तो आवाज गायिका क्लेअर टोरीचा, गाणं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. जानेवारी १९७३, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट, त्याचा पियानो तयार होता, विषय मृत्यूचा, शब्द मात्र नव्हतेच. तिने ‘ओ बेबी’ वगैरे म्हणून पाहिलं. ते नको झालं. मग आपण एखादं वाद्यच आहोत असं धरून ती गायली. मानधन ३० पौंड! हे काही घेणार नाहीत, असं समजून ती घरी गेली. २००४मध्ये तिने दावा लावला आणि २००५च्या तडजोडीनंतर राइटच्या जोडीला संगीतकार म्हणून तिचंही नाव लागलं. (मला विचाराल तर ते पहिल्या दिवसापासून हवं होतं.)

आलाप ऐकणाऱ्या आपल्याला शब्दांवाचून अडायला नको. मधली जागा ऐका, किंकाळी ओसरून आवाज कुजबुजीवर येतो ती. माझा जीव तिथेच अडकतो. रेकॉर्डची पहिली बाजू या गाण्यावर संपते. दुसरी नाण्यांच्या खणखणाटाने सुरू होते. तेव्हा हवं तेवढं बोला.