नाशिकमध्ये २४ पानी चित्रपट्टी-पुस्तिका छापतोय. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांत, स्कॅन केलंय, तरी नमुन्यात रेघा आणि अक्षरं धूसर का?

ग्रेस्केलमुळेच. रेघेच्या कडेची राखाडी छटा छपाईच्या प्लेटवर ठिपक्यांत फुटते आणि 'क'ची गाठ भरून जाते. शाईची रेघ बिटमॅप मोडमध्ये (फक्त काळं-पांढरं, छटा नाहीत) १२०० डीपीआयला स्कॅन करा. रंग वेगळ्या थरात, तो ३०० ला चालतो. अक्षरं निव्वळ काळ्या शाईत, म्हणजे 'के' (काळी शाई) १०० टक्के. चारही शाया (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) मिसळून काळा केलात तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते. पीडीएफ करताना डाऊनसॅम्पलिंग (चित्राचे डीपीआय आपोआप कमी करणं) बंद ठेवा, बहुतेकांची मेहनत नेमकी तिथे वाया जाते. नाशकात ५०-१०० प्रतीच काढणार असाल तर ऑफसेटपेक्षा (प्लेटवरच्या छपाईपेक्षा) डिजिटल परवडेल, तिथे ६०० डीपीआयही भागतं. पेन्सिलीची किंवा वॉशची (पातळ केलेल्या शाईची) चित्रं मात्र बिटमॅप करू नका, छटा उडतात.