"मॅडम, मी व्हर्जिन नाही, मग चर्चमध्ये लग्न कसं करू?"

लग्नाच्या तयारीचा कोर्स करून आलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक पैसा, सासू, मूल कधी असले प्रश्न घेऊन. ही वसईकडची कॅथलिक मुलगी मात्र होणाऱ्या नवऱ्याला न सांगता एकटीच आली आणि म्हणाली, मॅडम मी व्हर्जिन नाहीये, तर पांढरा गाऊन घालून अल्टारसमोर उभं राहणं म्हणजे देवाला फसवणंच ना? (ओळख कळू नये म्हणून बाकी तपशील बदललेत.)

हळूहळू कळलं की कॉलेजात असताना बॉयफ्रेंडने जबरदस्ती केली होती, ती नको नको म्हणत असताना. तरी ती त्याला 'माझं पाप' म्हणत होती, कन्फेशनमध्येही (फादरसमोर पाप कबूल करताना) तसंच सांगितलेलं, जबरदस्तीचा भाग गाळून. आणि मोबाइलमध्ये कौमार्याचा पडदा (योनिपटल) शिवून देणाऱ्या एका क्लिनिकची जाहिरात सेव्ह केलेली!

यात तुझं पाप कुठलं, असं विचारलं तर म्हणाली, लहानपणी मारिया गोरेट्टीची गोष्ट सांगायचे ना, ती मेली पण तिने होऊ दिलं नाही. मी तर जिवंत आहे.

मारिया म्हणजे इटलीतली ११ वर्षांची पोर, १९०२ साली अत्याचाराला विरोध केला म्हणून भोसकून मारली, १९५० मध्ये संत घोषित झाली. मरताना तिने मारणाऱ्याला माफ केलं. पण मुलींना गोष्ट सांगताना आपण फक्त 'मेली पण अब्रू सोडली नाही' एवढंच सांगतो आणि मग जी वाचली तिचं काहीतरी चुकलं असं आपोआप ठरून जातं, याचा मला खरंच राग येतो.

कारण हा प्रश्न चर्चसमोर सोळाशे वर्षांपूर्वीच आलाय. ४१० साली गॉथ नावाच्या टोळ्यांनी रोम लुटलं, ख्रिस्ती बायकांवर, व्रतस्थ कुमारिकांवरसुद्धा बलात्कार झाले, आणि लोक विचारायला लागले की यांनी जीव का नाही दिला. त्या काळचा बिशप संत ऑगस्टिन याने 'देवाचे नगर' ग्रंथाच्या पहिल्याच भागात उत्तर दिलं की शुद्धता मनाच्या संमतीत असते, दुसऱ्याच्या वासनेने ती जात नाही, जीव द्यायची तर अजिबात गरज नाही. तपासताना सुइणीच्या हातून एखादीचा पडदा फाटला तर ती मुलगी काही कमी पवित्र होते का, असं उदाहरणही त्याने दिलंय. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा चर्चचा मोठा धर्मपंडितही म्हणाला की तो पडदा असा दुसऱ्याच कारणाने गेला तर हातापायाला इजा झाली त्याहून जास्त काही बिघडत नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली हे कुणी सांगितलं का नाही.

सगळे संत असे मवाळ नव्हते हेही मी लपवलं नाही. जेरोमने तर लिहिलंय की देव सगळं करू शकतो पण पतन झालेल्या कुमारिकेला पुन्हा उभं करू शकत नाही. पण तो बोलतोय व्रत घेतलेल्या मुलीबद्दल. लग्नासाठी कौमार्याची अट चर्चच्या कायद्यात नाही. स्वखुशीने संबंध आले असतील तर चर्च त्याला पाप म्हणतं, त्याला कन्फेशन आहे, तिथे विषय मिटतो, लग्न अडत नाही. गाऊनचं म्हणाल तर ती राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये पांढरा घातल्यापासून पसरलेली फॅशन, आपल्याकडच्या जुन्या बायका लाल लुगडंच नेसायच्या.

बाकी पडदा बघून संबंध आलाय की नाही हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही असल्या तपासण्या बंद करा म्हटलंय. ती जाहिरात तिने माझ्यासमोरच डिलीट केली.

नवऱ्याला सांगायचं का, हा प्रश्न मी तिच्यावरच सोडला. एवढंच म्हटलं की सांगशील तेव्हा 'मी चुकले' असं नको, 'माझ्यावर जबरदस्ती झाली' असं सांग. ते वाक्य तोंडातून निघायलाच किती सेशन गेली. रात्री दचकून उठणं अजून थांबलेलं नाही, तिथे ऑगस्टिन कामाचा नाही, त्यासाठी ट्रॉमाची थेरपी चालू आहे आणि ती लग्नानंतरही चालू राहील.