गोळ्या घेतल्या तर लेकीची कला जाईल का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला आणि मग लेकीच्या चित्रांच्या वह्यांचे फोटो बघत बसले, त्यामुळे उत्तराला उशीर झाला, सॉरी.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते (ओळख पटेल असं सगळं काढलंय). मुलगी बारावीला, अभ्यासात हुशार, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड. दिवाळीनंतर आठ-नऊ रात्री जवळजवळ झोपलीच नाही, अखंड बडबड, आईच्या कार्डावरून रंगांची खरेदी, आणि मग दोन महिने अंथरुणातून उठेना. डॉक्टरांनी बायपोलर (कधी मन उधाणतं, कधी खोल खचतं, असा आजार) सांगून लिथियम सुरू केलं, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध. आता आठवडाभर ती गोळ्या गुपचूप बेसिनमध्ये टाकतीये, कारण 'माझा हात गेला'. काका म्हणतात मोठे कलाकार सगळे असेच असतात, व्हॅन गॉग बघा, पोरीचं टॅलेंट मारू नका. बाबा म्हणतात चित्रांनीच डोकं फिरलं, आता मुकाट बीकॉम.

गंमत बघा, काका आणि बाबा भांडतायत खरे पण दोघांच्या डोक्यात गोष्ट एकच आहे, की कला आणि आजार म्हणजे एकच वायर, एक ओढली की दुसरी येणारच. तेच मला पटत नाही.

व्हॅन गॉगचंच घ्या. १८८९ मध्ये हा चित्रकार फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात राहिला आणि तिथे त्याने खूप सुंदर कामं केली हे खरंय, पण केली ती दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत. त्या उन्हाळ्यात मोठा झटका आला तेव्हा कित्येक आठवडे चित्रं बंदच होती, आणि ३७व्या वर्षी माणूसच गेला. अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅशचं नावही लोक हमखास घेतात. त्याचं नोबेलवालं काम १९५० च्या आसपासचं, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) उघड झाला १९५९ मध्ये, आणि पुढची कित्येक वर्षं त्यातच गेली. आपल्याकडे बिहारचे वशिष्ठ नारायण सिंह, १९६९ मध्ये बर्कलेहून गणितात पीएचडी, पुढे स्किझोफ्रेनिया, मधे काही वर्षं तर ते बेपत्ताच होते. आजाराने त्यांना काय दिलं, काकांना विचारा एकदा.

आता संशोधनात काहीच नाही असंही मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये सगळ्या देशाच्या नोंदी असतात, त्यावरून जवळपास १२ लाख पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांचा अभ्यास झाला, २०१३ च्या सुमारास आला तो. त्यात कलेच्या किंवा संशोधनाच्या व्यवसायातल्या लोकांना एकूण मानसिक आजार जास्त असं दिसलं नाही, अपवाद बायपोलरचा, आणि लेखकांमध्ये मात्र बरेच आजार जास्त दिसले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की पेशंटच्या भावाबहिणींमध्ये, म्हणजे ज्यांना तो आजार नाही अशांमध्येसुद्धा अशा व्यवसायातले लोक जास्त निघाले. म्हणजे घरात काहीतरी वाहत येत असेलही, पण ते कामाला येण्यासाठी आजारी पडावं लागत नाही. आणि हुशारीचं म्हणाल तर नुसती बुद्धी जास्त म्हणून डोकं बिघडतं असं काही नाही, उलट कमी बुद्ध्यांकात स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त सापडलाय. आपल्याला नॅश लक्षात राहतो, रोज रात्री दहाला झोपणारा गणिताचा प्राध्यापक कोणाच्या लक्षात राहणार?

लेकीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो काकांपेक्षा शहाणा आहे. नीट विचारा तिला, 'हात गेला' म्हणजे काय. सुचत नाही, की रेघ थरथरते? कारण लिथियमने हाताला बारीक कंप येतो, हे अगदी कॉमन आहे, आणि जी मुलगी ०.१ मिमीच्या बारीक पेनने काम करते तिला तो कंप जगबुडीसारखाच वाटणार. तुम्हाला चहाचा कप उचलताना दिसणारसुद्धा नाही. हे डॉक्टरांना आजच सांगा, आणि गोळ्या टाकल्यात हेही सांगा, रागावतील या भीतीने लपवू नका. रक्त तपासून डोस कमी-जास्त करता येतो, कंपावर उपाय असतात. आपल्या मनाने अचानक बंद करणं सगळ्यात वाईट, आजार उलटतो. मधेच ती जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलली तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा, आणि बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

एक जुना अभ्यास तिला सांगा, १९७९ चा, डेन्मार्कचे डॉक्टर मोगेन्स शाऊ यांचा. लिथियम घेणाऱ्या २४ कलाकारांना त्यांनी कामाबद्दल विचारलं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ जणांना फरक नाही, ६ जण म्हणाले कमी झालं. म्हणजे कोणाचंच कमी होत नाही असं मी तिला खोटं सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका, तिला कळेल.

आता त्या वह्या. जागरणाच्या दिवसातली लाल वही, ६० पानं, प्रत्येक पानावर दणक्यात सुरुवात आणि चौथ्या रेघेला पुढचं पान. आणि मार्चमधली, गोळ्या नीट चालू असतानाची, डेअरीसमोर रांगेत ठेवलेले दुधाचे कॅन आणि त्यातल्या एकाला टेकून झोपलेला पोऱ्या. रेघ जरा हललीये हो, पण कॅनचा पोचा बघा कसा पकडलाय! मी परीक्षक असते तर लाल वही बाजूला ठेवून कॅनला मार्क दिले असते.

त्यामुळे बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, बिनधास्त धरा, त्याच्या प्रवेश परीक्षेची, एएसी सीईटीची, तयारी करू दे. बीकॉमने आजार टळत नाही, मार्चएंडला ऑडिटवाल्यांच्या रात्री बघितल्यात का तुम्ही? कॉलेज निवडताना मात्र मी नावाआधी झोप बघेन. बायपोलरमध्ये जागरण ही मोठी ठिणगी ठरू शकते, आणि आर्ट कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जागणं म्हणजे मर्दुमकी समजतात. म्हणून पहिलं वर्ष तरी घरून जाता येईल असं कॉलेज, तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे, मुंबईचं जेजे नंतर मास्टर्सला बघू. वर्गशिक्षकांना कितपत सांगायचं ते तिला ठरवू दे. एक वर्ष ड्रॉप घ्यावा लागला तर घ्या, शेजारी काय म्हणतील ते मी बघते.

बाबांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, तुमच्याकडून ते ऐकणार नाहीत, डॉक्टरांकडून ऐकतील. आणि मला भेटायला याल तेव्हा ती मार्चची वही घेऊन या, फोटोत तो पोऱ्या नीट दिसत नाहीये.