यशया ७:१४ मधील मूळ शब्दाचा अर्थ ‘कुमारी’ की ‘तरुणी’?

बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले हे वचन म्हणते की एक स्त्री गर्भवती होऊन पुत्राला जन्म देईल. त्या स्त्रीसाठी वापरलेला मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ असून त्याचा अर्थ विवाहयोग्य तरुणी असा आहे. कौमार्य सांगायचे असल्यास हिब्रूत सहसा ‘बेथुला’ येतो. मात्र ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनीच केलेल्या सेप्टुआजिंट या ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द योजला गेला आणि येशूच्या जन्माविषयी लिहिताना शुभवर्तमानकार मत्तयाने (१:२३) तोच घेतला. त्यामुळे तो ख्रिस्ती लेखकांनी घुसडला, हा नेहमीचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. तथापि ख्रिस्ती वाचकानेही आधी मूळ प्रसंग पाहावा: अराम आणि इस्राएल यांच्या राजांना घाबरलेल्या यहूदाच्या आहाज राजाला, हे मूल बरेवाईट समजू लागण्यापूर्वीच त्या दोघांचा देश ओसाड होईल, असे यशया सांगत आहे.