दुसरीतल्या मुलीला इंग्रजी अनेकवचनं कशी शिकवू? कुठे 'एस' लावायचा आणि कुठे 'ईएस', यात ती गोंधळते.

स्पेलिंगची यादी पाठ करून घेऊ नका, आधी कानाने शिकवा. बस, बॉक्स, डिश, बेंच हे शब्द तिला मोठ्याने म्हणायला लावा. शेवटी स, श, च असा आवाज आला की पुढे नुसता 'एस' उच्चारताच येत नाही, मध्ये एक स्वर घ्यावा लागतो: बसेस, बेंचेस. तो स्वर ऐकू आला की लिहिताना 'ईएस'. बाकी बहुतेक ठिकाणी साधा 'एस': पेन्स, कॅट्स. (स्टमकच्या शेवटी 'सीएच' असूनही आवाज 'क'चा, म्हणून तिथेही फक्त 'एस'.)

'वाय'साठी त्याच्या आधीचं अक्षर बघायचं. टॉयमध्ये स्वर आहे, म्हणून नुसता 'एस'. बेबीमध्ये व्यंजन आहे, म्हणून 'वाय' जाऊन 'आयईएस'. मँगो-फोटो, लीफ-रूफ यांच्या भानगडी सध्या राहू द्या.

फीट, टीथ, माइस, चिल्ड्रन मात्र गोष्टींतून, गाण्यांतून कानावर पडू देत. शीप तसंच राहतं. मराठीत एक दगड, दोन दगड म्हणतो ना, तसं.

ती 'फूट्स' म्हणाली तर रागावू नका. नियम पोचल्याचीच ती खूण आहे. 1958 मध्ये भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी लहान मुलांना 'वग' नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, तेव्हा कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं 'वग्ज' बहुतेकांनी बरोबर केलं होतं. तुम्हीही असले खोटे शब्द बनवून खेळा, मुलांना फार आवडतं.