रविवारी सकाळी जिमला जाणारा मुलगा

प्रिय मावशी,

मी वसईकडचा, वीस वर्षांचा, पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे राहतो: एक साताऱ्याचा, ज्याचे आजोबा दरवर्षी वारीला जातात, एक जळगावचा, एक सोलापूरचा आणि मी. पहिल्याच महिन्यात माझे नाव ‘फादर’ पडले. मला त्याचा राग नाही; उलट धर्मावरचे बहुतेक विनोद मीच करतो आणि ते चांगले जमतात. पण रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाताना मी ‘जिमला जातो’ असे सांगतो, आणि ते खरे वाटावे म्हणून जिमची तीन महिन्यांची फीसुद्धा भरली आहे. या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावलेली राख मी चर्चच्या आवारातल्या नळावरच धुऊन टाकली. येशूनेच ‘उपवास करताना तोंड धुवा’ असे सांगितले आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या महिन्यात एका रात्री मी कन्फेशनची, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली देण्याच्या विधीची, नक्कल केली. दोन खुर्च्यांना टॉवेल बांधला, पलीकडे मी फादर होऊन बसलो आणि एकेकाने गुडघे टेकून आपली ‘पापे’ सांगितली. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. सोलापूरच्या मित्राने हसत हसतच सांगितले की त्याचे दोन विषय राहिले आहेत आणि घरी अजून कोणाला ठाऊक नाही. मी त्याला प्रायश्चित्त म्हणून मेसमधली वांग्याची भाजी दोनदा घ्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट मजलाभर झाली होती, आणि सांगणाऱ्यांत मीही होतो. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने फक्त विचारले, ‘तू हे सगळं खरंच मानतोस का रे?’ मी त्यावरही विनोद केला.

आता वाटते की मी ढोंगी आहे. विनोद बंद करावेत का? वसईची काही मुले फ्लॅट घेऊन राहतात, त्यांच्याकडे जावे का? आणि शेजारच्या खोलीतला एक जण मला ‘राइस बॅग’ म्हणतो, तेही हसण्यावारी न्यावे का?

— ‘जिमला जाणारा’, पुणे

प्रिय ‘जिमला जाणाऱ्या’,

तुझे पत्र वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले आणि वांग्याच्या भाजीनंतरच्या वाक्याशी थांबले. तू तीन प्रश्न विचारले आहेस, परंतु त्यांतला एकही त्या सोलापूरच्या मुलाविषयी नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

कन्फेशनची नक्कल केलीस म्हणून स्वर्ग कोसळत नाही. आमच्या लहानपणी वसईत सुट्टीच्या दुपारी मुले चादर पांघरून ‘मिस्सा मिस्सा’ खेळत, बिस्किटाचा ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) करत आणि जो फादर होई तो सगळ्यांना लांबलचक प्रवचन देई. पुढे त्यांतला एक जण खरोखरच धर्मगुरू झाला. तुझ्या नाटकात टॉवेल होता, गुडघे टेकणे होते, प्रायश्चित्तही होते. फक्त ज्या एका गोष्टीमुळे तो संस्कार माणसाला आधार वाटतो, ती तू वगळलीस. कन्फेशनच्या जाळीपलीकडे बसलेल्या धर्मगुरूला सांगितलेले बाहेर जात नाही. चर्चच्या कायद्यानुसार ते गुपित थेट फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो, आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार रोमकडे राखून ठेवलेला आहे. स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा त्याला तोंड उघडता येत नाही. हे तू पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीच्या वर्गापासून ऐकत आला आहेस. तुझ्या मित्राने ते कधी ऐकले नसेल, पण टॉवेलासमोर बसल्यावर त्याला ते आपोआप समजले असावे, कारण घरीही न सांगता मनात दाबून ठेवलेली गोष्ट त्याने नेमकी तिथे बोलून दाखवली. थट्टेच्या आडून खरे बोलायची संधी त्याने साधली, आणि तू ती बातमी करून वाटून टाकलीस.

तेव्हा पहिले काम हे, की त्याला एकट्याला गाठून, कोणतीही कोटी न करता, माफी माग. ‘मस्करीत झालं रे’ हे शब्द वापरू नकोस. ते त्यालाही ठाऊक आहे आणि त्याने काही भरून निघत नाही. माझ्याकडून चूक झाली, मी सांगायला नको होते, एवढे पुरे. त्यानंतर त्या दोन विषयांचे काय, पुन्हा परीक्षा कधी, घरी सांगताना तू त्याच्या शेजारी बसलेला चालेल का, हे विचार. त्याने ‘नको’ म्हटले तर विषय तिथेच सोडून दे.

आता त्याचा प्रश्न, ज्याचे उत्तर तू टाळलेस. तो तुझी परीक्षा घेत नव्हता. ज्या मुलाला हे सगळे थट्टेचेच वाटते, तो दोन दिवस थांबून, एकांत शोधून असे विचारत नाही. मला वाटते त्याला एवढेच जाणून घ्यायचे होते, की ज्याच्यापाशी आपण मन मोकळे केले तो माणूस कोणत्या गोष्टीला तरी खरे मानतो की नाही. त्याला उत्तर देताना धर्मशास्त्र सांगत बसण्याची गरज नाही. ‘हो, मानतो, सगळे कळत नाही, पण रविवारी तिथे जाऊन बसल्याशिवाय मला आठवडा पुढे ढकलता येत नाही’ असे काहीतरी तुझ्या शब्दांत सांग. तुझे उत्तर याहून वेगळे, अधिक डळमळीत असेल, तर तेही तसेच सांग.

राखेविषयी तू येशूचा आधार घेतलास तेव्हा मला गंमत वाटली, कारण तो उतारा तू त्याच सकाळी ऐकला असणार. राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला तोच भाग वाचला जातो: दानधर्म गुपचूप करा, प्रार्थना दार लावून करा, उपवास करताना तोंड धुवा, आणि तो वाचून झाल्यावर, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख चारचौघांत कपाळावर लावली जाते. ही विसंगती चर्चच्या लक्षात आलेली नाही असे समजू नकोस. राख दिवसभर ठेवलीच पाहिजे असा नियम नाही, आणि कामावर जाण्यापूर्वी ती पुसणारे कितीतरी श्रद्धाळू लोक मी पाहिले आहेत. परंतु तो उतारा लोकांनी आपल्याला धार्मिक म्हणावे म्हणून धडपडणाऱ्यांसाठी आहे. लोकांनी तसे म्हणू नये म्हणून तू धडपडतोस. दोन्हीकडे नजर लोकांवरच आहे, नाही का?

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. चाळीस वर्षांपूर्वी मीही मुलींच्या वसतिगृहात होते, आणि जेवणाआधीची क्रुसाची खूण टेबलाखाली अंगठ्याने हाताच्या तळव्यावर करत असे. दोन वर्षांनी समोर बसणारी मुलगी म्हणाली, ‘तू रोज जेवणाआधी हाताला काय खाजवतेस? मलम लाव ना काहीतरी.’ त्या दिवशी मी तिला खरे सांगितले. ती हसली, मीही हसले, आणि मग पोळी गार होऊ नये म्हणून खूण जरा लवकर आटपत जा, असे तिने मला बजावले.

तुझ्यासारख्याच एका विद्यार्थ्याला ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी संत झालेल्या कार्लो अकुतिस या किशोरवयीन मुलाविषयी तुम्ही मुले बरेच ऐकता; हा दुसरा, पियेर जॉर्जो फ्रासाती, माझा जास्त लाडका आहे. इटलीतल्या तुरिनचा, जन्म १९०१ चा, खाण अभियांत्रिकीचा विद्यार्थी. वडील ‘ला स्टाम्पा’ या मोठ्या वृत्तपत्राचे सर्वेसर्वा आणि धर्माच्या बाबतीत उदासीन. पोरगा अभ्यासात रडतखडत पुढे जाणारा. शाळेत लॅटिनमध्ये नापास झालेला. १९२४ मध्ये त्याने मित्रमैत्रिणींची एक टोळी जमवली आणि तिचे नाव ठेवले ‘तिपी लोस्की’, म्हणजे आपल्याकडे ‘उडाणटप्पू मंडळ’ म्हणावे तसे. डोंगर चढायचे, एकमेकांच्या खोड्या काढायच्या, थट्टेने भरलेली पत्रे लिहायची आणि वाटेत प्रार्थनाही करायची, असा त्यांचा कार्यक्रम असे. बिलियर्ड्स खेळताना तो पैज लावी: मी हरलो तर पैसे देईन, तू हरलास तर माझ्याबरोबर चर्चमध्ये येऊन प्रार्थनेला बसायचे. हातात जपमाळ घेऊन चर्चमधून बाहेर पडताना त्याला कोणीतरी चिडवले, ‘काय रे, सोवळा झालास की काय?’ तो म्हणाला, ‘छे, ख्रिस्ती होतो तसाच राहिलो.’

या मुलानेही एक गोष्ट लपवली होती. शहरातल्या गरिबांच्या खोल्यांतून तो औषधे, पैसे, कपडे घेऊन फिरत असे, आणि घरच्यांना त्याचा फारसा पत्ता नव्हता. ४ जुलै १९२५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने तो गेला. अंत्ययात्रेला रस्त्यावर लोटलेली ती गरीब माणसांची गर्दी पाहून आईवडिलांना आपला मुलगा कोण होता ते समजले. दान त्याने झाकले, जपमाळ उघडी ठेवली. मत्तयचा सहावा अध्याय त्याने असा वाचला होता, आणि मला तो तुझ्या नळापेक्षा बरा वाटतो.

विनोद बंद करावेत का, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर ‘मुळीच नको’ असे आहे. सोळाव्या शतकातला रोमचा संत फिलिप नेरी अर्धीच दाढी काढून लोकांसमोर जात असे, कारण आपल्याला कोणी महात्मा समजू नये अशी त्याची इच्छा होती. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरातल्या शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले, आणि आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची जशी थट्टा करतो तशी देवाचीही करता येते, असे त्यांना सांगितले. तुझ्या साताऱ्याच्या मित्राला याचे नवल वाटणार नाही. त्याच्या आजोबांच्या परंपरेत संत विठ्ठलाशी भांडले आहेत, त्याला टोचून बोलले आहेत, प्रसंगी शिव्याही मोजल्या आहेत. पण ते भांडण शोभते, कारण भांडणारा पंढरपूरला जातो हे सगळ्यांना दिसत असते. तुझ्या मित्रांना तुझे टोमणे ऐकू येतात, तू जातोस कुठे ते मात्र दिसत नाही. मग हा आपल्याच घराची टिंगल करणारा मुलगा आहे, असा अर्थ त्यांनी काढला तर दोष कोणाचा? तू ढोंगी आहेस असे मला वाटत नाही. ढोंगी माणूस नसलेली श्रद्धा दाखवतो. तू असलेली श्रद्धा लपवतोस, आणि तेही तिमाही फी भरून.

म्हणून येत्या रविवारी ‘मिस्साला जातो’ एवढेच म्हण. पहिल्या रविवारी टवाळी होईल, दुसऱ्या रविवारी कोणीतरी ‘येताना वडापाव आण’ म्हणेल, आणि पुढे कोणाचे लक्षही जाणार नाही. नाताळात यायची कोणाला इच्छा झाली, तर क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला ने. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातल्या कॅथलिक अधिकाऱ्यांसाठी दिलेल्या जागेवर ते उभे आहे, आणि ही माहिती ‘तू ख्रिश्चन असून मराठी इतकी चांगली कशी?’ असे विचारणाऱ्यांना बराच वेळ गप्प ठेवते.

‘राइस बॅग’ हा विनोद नाही. तुझ्या पूर्वजांनी पोत्याभर तांदळासाठी धर्म विकला, असे तो मुलगा म्हणतो आहे, आणि त्यावर तू हसलास तर त्याला तुझी संमती मिळते. त्याला एकदा, आवाज न चढवता, हा शब्द मला चालणार नाही असे सांग. नंतरही त्याने चालूच ठेवले तर वॉर्डनकडे जा. त्यात कसलाही कमीपणा नाही. आणि तू बोलशील तेव्हा तुझे तिघे मित्र तुझ्या बाजूला उभे राहतील, असा माझा अंदाज आहे. ‘फादर’ म्हणणारे आणि हा शब्द वापरणारा यांतला फरक त्यांनाही कळतो.

फ्लॅटवर भाडे स्वस्त असेल किंवा जेवण बरे असेल तर खुशाल जा, पण या कारणासाठी नको. वसईच्या मुलांबरोबर अधूनमधून जेव, आपल्या बोलीत गप्पा मार, त्याने जीव हलका होतो. राहा मात्र त्या चौघांच्या खोलीतच, कारण सोलापूरच्या मुलाची परीक्षा अजून व्हायची आहे. सुट्टीवरून येताना आगाशीची सुकेळी, म्हणजे पानात बांधलेली वाळवलेली केळी, आण. पहिले पान त्याच्यापुढे ठेव.

आणि जिमची उरलेली फी परत मिळणार नाही, हे मी तुला अनुभवाने सांगते. सोमवारी जात जा.

तुझी,
मावशी