हैतीच्या हिशेबाचं पान

प्रिय पोरी,

तुझा मसुदा दोनदा वाचला. 'मी काळी नाही, तिथली नाही, मग हैतीवर लिहायचा मला काय अधिकार?' यात पहिली दोन पानं गेली. तिसऱ्या पानावर 'दुर्दैवी देश'. वाचून राग आला, तुझा थोडा आणि माझा जास्त. यापेक्षा वाईट शब्द मी छापून बसलोय.

जानेवारी २०१०, भोगीची रात्र. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीत झालेल्या भूकंपाचं पान लावत होतो. टेबलावर कुणीतरी आणलेल्या तिळगुळाचा डबा, पानाच्या तळाला संक्रांतीच्या काळ्या साड्यांची जाहिरात, आणि एजन्सीची कॉपी सात ओळींनी जास्त. शेवटच्या सात ओळी उडवल्या. मथळा दिला 'शापित हैती'.

त्या सात ओळींत १८२५ साल होतं.

फ्रेंचांच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी लढून १८०४ मध्ये आपला देश उभा केला. एकवीस वर्षांनी फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने १४ युद्धनौका पाठवल्या. मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक टाका, आमच्या मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली. त्या मालमत्तेत कालपर्यंत हीच माणसं मोजली जात होती! कुळाने खोताच्या तावडीतून सुटायचं आणि सुटल्याबद्दल खोतालाच पैसे मोजायचे, असला हा व्यवहार. पहिल्या हप्त्यासाठी कर्जही पॅरिसमधूनच काढावं लागलं. कागदावर ३ कोटी, हातात २ कोटी ४० लाख, मधले सावकारांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली खरी, पण कर्ज फेडायला कर्ज असं चालत राहिलं. ते सगळं फिटलं १९४७ साली. आपण झेंडा फडकवत होतो त्या वर्षी.

म्हणून सांगतो, पैसे कुणी कुणाला दिले ते आधी बघ. कातडीचा रंग, शाप, आळस, संस्कृती हे सगळं नंतर. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, तेव्हा २ कोटी पौंड भरपाई ठरली. कुणाला? मालकांना. गुलामांना छदाम नाही. पुन्हा तेच बघ, पैसे कुणी कुणाला दिले.

अधिकाराचं म्हणशील, तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिका त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. आता हा विषय बंद.

तू विचारशील, मग तुम्ही का कापलंत? अगं, पान रात्री एकला छपाईला सोडायचं असायचं. जाहिरात हलवायचा अधिकार माझा नव्हता, सात ओळी काय खिशातून घालणार होतो? मथळा मात्र कुणी लादला नव्हता. तो मलाच सुचला, आणि सुचला तेव्हा आवडलाही होता. सकाळी दोघातिघांनी फोन करून वाखाणलाही.

२०२५ मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी, फ्रान्सने या वसुलीचा इतिहास तपासायला दोन्ही देशांतल्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. हे शेवटी घे, पण १८२५ च्या आधी नको. पहिली दोन पानं काढून टाक.

रविवारपर्यंत पाठव. अक्षर मोठं ठेव, चष्म्याचा नंबर पुन्हा बदललाय.

तुझा,
काका